न थांबणारी चित्रफीत आणि शेतकऱ्याची खरेदी

खरेदीदारास विचार करण्यास अवकाश असावा, हें तत्त्व आमच्या महसुली कायद्यांत फार जुनें आहे. खात्यांत कारकुनी करीत असतां थकबाकीपोटीं होणारे अनेक लिलाव आम्हीं पाहिले. लिलाव म्हणजे सक्तीची विक्री. परंतु तेथेंहि घाई चालत नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वयें, नाशिवंत माल वगळतां, जाहीरनामा लावल्यानंतर जंगम मालाच्या विक्रीपूर्वीं निदान ७ दिवस व स्थावर मिळकतीच्या विक्रीपूर्वीं निदान ३० दिवस जावे लागतात. या मुदतींत घेणारानें चावडीवर यावें, कागद वाचावा, चौघांस विचारावें व शंका राहिल्यास पुन्हा येऊन वाचावा, हा त्यांतील हेतु. आतां मोबाइलवर बियाणें व पिकांचीं औषधें विकण्याची जी एक रीत निघाली आहे, तींत याच्या अगदीं उलट, घेणारास मागें वळून पाहतां येऊं नये अशी तजवीज मुद्दाम केलेली असते. ती तजवीज कोणती व तिजपासून बचाव कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. कारण तींत आम्ही स्वतः सांपडलों होतों.

मुंबई उपनगर जिल्हा सन १९९० मध्यें निराळा झाला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके. येथें आतां शेती कसली, असें बाहेरचा मनुष्य म्हणेल. परंतु गोराई-मनोरीच्या बाजूस भाजीचे मळे व आरे वसाहतींतील पाड्यांवर पावसाळी भात व भाजीपाला अद्यापि पाहावयास मिळतो. आमचे एक मावसबंधु खाडीपलीकडे गोराईस वांगीं लावतात. मागील हिवाळ्यांत त्यांच्या वांग्यांवर शेंडे व फळें पोखरणारी अळी पडली. ते बोरिवलीस आमच्या घरीं आले असतां त्यांच्या मोबाइलवर एक चित्रफीत आपोआप सुरू झाली. पांढरा डगला घातलेला एक गृहस्थ बापाच्या कर्जाची हकीकत सांगूं लागला. “अळीचें मूळच नाहींसें करणारें गुपित” तो सांगणार होता. तें तो आतां सांगेल, मग सांगेल, म्हणून आम्ही दोघे चाळीस मिनिटें बसून राहिलों. चित्रफीत किती लांब आहे हें समजण्यास मार्ग नव्हता. पुढें सरकवितां येईना, मागें नेतां येईना. अखेरीस किंमत सांगितली, तेव्हां कोठें खरेदीचें बटण उमटलें, व त्याखालीं पंधरा मिनिटांचें उलटें घड्याळ चालूं लागलें. आम्हीं दोन बाटल्यांचे २,४९० रुपये भरले.

औषधाचें प्रमाण त्या गृहस्थानें एकदांच सांगितलें होतें. तें पुन्हा ऐकावें म्हणून चित्रफीत उघडली, तों ती पुन्हा बापाच्या कर्जापासून सुरू झाली. बाटल्या आल्या, त्यांवर नांव व एक चित्र होतें. घटक, नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख, कारखान्याचा पत्ता, यांपैकीं कांहींहि नव्हतें. गुण येईल म्हणून बारा दिवस वाट पाहिली. या अळीचा स्वभाव असा कीं, ती एकदां फळांत शिरली म्हणजे वरून केलेली फवारणी तिजपर्यंत पोंचत नाहीं. आरंभींच किडलेले शेंडे खुडून नष्ट करणें व कामगंध सापळे लावणें, हा परिचित उपाय तेवढ्या दिवसांत राहून गेला. तीन तोडे उकिरड्यावर गेले. ज्या हातांनीं तीस वर्षें लोकांस “वाचून मग सही करा” म्हणून सांगितलें, त्याच हातांनीं न वाचतां पैसे भरले, याची लाज आम्हांस बाटल्यांच्या किंमतीहून अधिक वाटते.

आतां या विक्रीची घडण पाहूं. तिचीं मुख्य अंगें चार.

पहिलें अंग : चित्रफितीखालील पट्टी, जिच्या योगें ती पुढें-मागें नेतां येते व तिची लांबी कळते, ती काढून टाकलेली असते. ही पट्टी ठेवणें वा न ठेवणें सर्वस्वीं चित्रफीत लावणाराच्या हातीं असतें. आपल्या मोबाइलमध्यें बिघाड आहे असें समजूं नये.

दुसरें अंग : किंमत अगदीं शेवटीं सांगतात, आणि खरेदीचें बटण ठरलेल्या मिनिटासच दिसेल असें करून ठेवितात. छापील जाहिरातींत वाचकाची दृष्टि प्रथम किंमतीकडे जाते व न परवडल्यास तो पान उलटतो. येथें त्याला पान उलटतांच येत नाहीं.

तिसरें अंग : उलटें घड्याळ. पुष्कळदां तें मालाच्या साठ्याशीं जोडलेलें नसून केवळ आपण पान उघडल्याच्या क्षणाशीं जोडलेलें असतें. याची परीक्षा सोपी आहे. पान बंद करून दुसऱ्या मोबाइलवर उघडावें. घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर आलें तर घाई खोटी आहे हें निश्चित समजावें.

चौथें अंग : निघून जाऊं लागल्यास “थांबा, आपणांसाठीं निम्मी किंमत” अशी पाटी आडवी येते. जो माल क्षणांत निम्म्या किंमतीस देतां येतो, त्याची पहिली किंमत कशी ठरविली असेल, हा प्रश्न तेथेंच मनांत यावा.

या सर्वांचें बळ एकाच गोष्टींत आहे. अर्धा तास खर्च केलेल्या मनुष्यास मध्येंच उठावयाचें म्हणजे तो अर्धा तास फुकट गेला असें वाटतें, व तो आणखी बसतो. जत्रेंतील जडीबुटीवालाहि लांबलचक व्याख्यान देत असे. परंतु त्याच्यापुढून उठून जातां येत असे, मध्येंच प्रश्न विचारतां येत असे, आणि शेजारचा मनुष्य “गेल्या सालीं यानें मला फसविलें” असें सांगूं शकत असे. येथें ऐकणारा एकटा असतो. चित्रफीत हें साधन मात्र वाईट नव्हे. कलम कसें बांधावें, सापळा किती उंचीवर लावावा, हें चित्रफितीनें उत्तम शिकवितां येतें. पण शिकविणारा ती थांबवूं देतो, पुन्हा दाखवितो. त्याला लपवावयाचें कांहीं नसतें.

कायदा याविषयीं काय म्हणतो तेंहि ध्यानांत ठेवावें. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० मध्यें अंमलांत आला व त्याच महिन्यांत ई-वाणिज्याचे नियम निघाले. त्यांप्रमाणें एकूण किंमत, माल परत घेण्याच्या अटी व तक्रार अधिकाऱ्याचें नांव दाखविणें आवश्यक असून, तक्रारीची पोंच ४८ तासांत व निवारण एक महिन्यांत व्हावें लागतें. पुढें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ग्राहकास भुलविणाऱ्या १३ क्लृप्त्या नांवानिशीं मना केल्या. नुसती पट्टी काढून टाकणें त्या १३ नांवांत नाहीं. परंतु खोटी घाई लावणें, किंमतीचे भाग दडवून मागाहून उघड करणें व जाहिरात दुसऱ्या वेषांत दाखविणें हीं त्यांत आहेत.

शेतकरी हा ग्राहक नव्हे, असें कोणी म्हणाल्यास ऐकूं नये. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सन २०१२ मध्यें बियाणें घेणारा शेतकरी ग्राहकच ठरविला आहे. तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्यांत करतां येते. विक्रेत्याच्या गांवीं जावें लागत नाहीं. उपनगरवासीयांचा जिल्हा आयोग वांद्रे पूर्व येथें आहे. दिलेला मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाहीं. मुदत दोन वर्षांची. प्रथम सल्ल्यासाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांक आहे. आणि पैशांची उघड लबाडीच झाली असेल तर विलंब न करतां १९३० वर कळवावें.

तथापि तक्रारीपेक्षां सावधगिरी स्वस्त. आमच्या प्रकरणीं पेटीवर पत्ताच नसल्यामुळें तक्रार कोणावर करावी हाच प्रश्न पडला. सबब शेतकरी बंधूंनीं पुढील क्रम पाळावा, अशी आमची विनंति आहे.

१. चित्रफीत थांबवितां येत नसेल तर ती ऐकावी, पण पैसे त्या दिवशीं भरूं नयेत.

२. विक्रेत्याकडे घटक, प्रमाण, किंमत व पत्ता लेखी मागावा. लेखी देत नसेल तर व्यवहार तेथेंच संपला.

३. कीटकनाशकावर १९६८ च्या कायद्याप्रमाणें नोंदणी क्रमांक व विषाची तीव्रता दाखविणारी रंगीत त्रिकोणाची खूण असावी. बियाण्याच्या पिशवीवर जात, गट क्रमांक, उगवणीचें प्रमाण व तपासणीची तारीख पाहावी. प्रमाणित बियाण्यास निळी चिठ्ठी असते. पीकवाढीचीं “टॉनिकें” म्हणून जीं विकतात, त्या जैव-उत्तेजकांसहि सन २०२१ पासून खत नियंत्रण आदेश लागू आहे.

४. पानाचें छायाचित्र, पैसे भरल्याची पावती, बाटली व पेटी जपून ठेवावी. पेटी शक्य तों दोन मनुष्यांसमक्ष फोडावी. तोच आपला पंचनामा.

५. कीड दिसतांच प्रथम कृषि अधिकाऱ्यास किंवा कृषि विद्यापीठाच्या जाणकारांस विचारावें. औषधाची वाट पाहण्यांत गेलेले दिवस कोणताहि आयोग परत देत नाहीं.

आमच्या मावसबंधूंनीं यंदा पुन्हा वांगीं लावलीं आहेत. सापळे लागले असून दर आठवड्यास किडके शेंडे खुडण्याचा क्रम चालू आहे. त्या दोन बाटल्या आम्हीं फेंकल्या नाहींत. बोरिवलीस आमच्या घरीं फळीवर ठेविल्या आहेत, व नवीन औषधाची गोष्ट घेऊन कोणी आला म्हणजे प्रथम त्या बाटल्या त्याच्या हातीं देऊन, यांवर काय लिहिलें आहे तें वाचून दाखवा, असें आम्ही त्यास सांगतों. ज्या वाचकांस असे प्रसंग आले असतील त्यांनीं ते अवश्य लिहून कळवावे, म्हणजे इतरांस त्यांचा उपयोग होईल.