अण्णांची हत्यारं



अण्णांच्या हत्यारांची पेटी भंगारात द्यायची की ठेवायची, असं तू आईमार्फत विचारलंस. त्यातला एक पानाही विकू नकोस. पण खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्यापुरतीही ती ठेवू नकोस. ती उघड, रॉकेलनं गंज काढ आणि वापरायला घे.

तेराव्याला पलूस-कुंडलकडून आलेला जो तो म्हणत होता, "अण्णांच्या हातात जादू होती." त्यांनी ते प्रेमानं म्हटलं. तू मात्र तुझ्या आजोबांबद्दल असं बोलू नकोस. जादू म्हटलं की शिकायला काही उरत नाही, आणि अण्णांची विद्या तर पुरेपूर शिकण्यासारखी होती.

बंद-चालू होणाऱ्या डिझेल इंजिनापाशी पोचल्यावर ते आधी लांब उभे राहून धूर बघत. धूर काळा असेल तर इंजिनावर बोजा जास्त पडतोय किंवा त्याला हवा कमी मिळतेय. निळसर असेल तर रिंगा झिजल्यात आणि ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून ते आतला आवाज ऐकत. इतकं झाल्यावर पाना हातात घेत. व्हॉल्व्हची फट त्यांना नजरेनं कळत असे, तरीही ते फीलर गेज घातल्याशिवाय नट आवळत नसत. आधी बघायचं, मग ऐकायचं, मग मोजायचं आणि शेवटी खोलायचं, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. ज्याला लोक जादू म्हणतात ती हीच.

विहिरीवरच्या पंपाचंही तसंच. चैत्र-वैशाखात पाणी खाली गेलं की पंप पाणी उचलेनासा होतो, आणि शेतकरी मोटरीला दोष देतो. अण्णा दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतची खोली मोजत आणि पंप खालच्या टप्प्यावर उतरवायला सांगत. कारण पंप पाणी ओढून घेतो हे दिसायला खरं, पण पाण्याला वर ढकलतो तो हवेचा दाब. त्याची ताकद सुमारे 10 मीटरची. पाइपातली आणि फूटव्हॉल्व्हमधली घट धरली तर हाती जेमतेम 7 मीटर लागतात. ही मर्यादा नवी मोटर आणूनही बदलत नाही. हे तू भौतिकशास्त्रात शिकला आहेस. अण्णांना सूत्र ठाऊक नव्हतं, पण त्याचा अर्थ त्यांनी विहिरीच्या काठावर पडताळून घेतला होता.

घराण्यात असावं लागतं, असंही तुला कुणी म्हणेल. त्यावर आपल्या शेजारच्याच किर्लोस्करवाडीचा दाखला दे. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. वडील वेदान्ताचे अभ्यासक. लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं कळल्यावर यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते या भीतीनं शेतकरी नांगर घेईनात. पहिला नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर त्यांनी कारखाना उभारला.

त्यांचा मुलगा शंतनुराव याला यंत्रविद्या रक्तातून मिळाली असं समजू नकोस. तो अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये शिकला आणि 1926 मध्ये पदवी घेऊन कारखान्यात आला. 1956 मध्ये लक्ष्मणराव गेले, तेव्हा पुण्यात 1946 साली सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स डिझेल इंजिनं बनवत होती. त्याच बनावटीची इंजिनं अण्णांनी या पट्ट्यात जन्मभर दुरुस्त केली. वडिलांचं काम मुलाकडे आलं ते शिकण्यातून, आणि त्यात वर्षं गेली. तुलाही दुसरा रस्ता नाही.

अण्णांची एक उणीव मोकळेपणानं सांगायला हवी: त्यांनी काहीही लिहून ठेवलं नाही. कुठल्या इंजिनाला कुठला वॉशर चालतो, कुठल्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी पंपाचा पंखा लवकर खातं, हे सारं त्यांच्या डोक्यात होतं. त्यातलं बरंच गेलं. थोडं अजून हाती लागेल.

म्हणून आधी एक वही कर. प्रत्येक हत्याराचं नाव, माप आणि उपयोग त्यात लिही. एखादा पाना तासून वाकवलेला दिसेल. तो त्यांनी कुठल्या अडचणीच्या नटासाठी केला ते शोधून काढ. त्यांच्याबरोबर हेल्पर म्हणून राबलेले दोघं अजून गावात आहेत. "अण्णा कसे होते" असं त्यांना विचारू नकोस, नुसती स्तुती ऐकायला मिळेल. इंजिन सुरू व्हायला नकार देत असेल तर अण्णा पहिल्यांदा काय तपासायचे, ते विचार. बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित कर.

गोठ्यामागं जुनं इंजिन पडून आहे. ते स्वतः खोल. प्रत्येक भाग काढताना फोटो घे, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेव, झीज मायक्रोमीटरनं मोजून लिही. परत जोडलं तरी लगेच सुरू होणार नाही, तेव्हा कंटाळू नकोस. तंत्रनिकेतनात जे कळणार नाही ते या इंजिनावर तपासून बघ, आणि इंजिनात जे कळणार नाही ते सरांना विचार.

आई सध्या अण्णांच्या खोलीत जात नाही. तिला पेटीजवळ बसवून एकेका हत्याराची आठवण विचार; पंपावर त्यांना भाकरी नेऊन देताना तिनं पुष्कळ पाहिलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत भेटशील तेव्हा वही घेऊन ये. निदान पेटीतल्या हत्यारांची यादी तोवर पुरी झालेली असावी.

तुझा,
मामा