एका पंजाचा पिचर : जिम अ‍ॅबट

क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा बेसबॉलमध्ये पिचर. तो टप्पा न पाडता चेंडू थेट फेकतो. पण चेंडू फेकला की काम संपलं, असं नाही. फलंदाजाने मारलेला चेंडू त्याच्याकडेच आला तर तोही अडवावा लागतो. म्हणून एका हाताने चेंडू फेकायचा आणि दुसऱ्या हातात चामड्याचा ग्लोव्ह घालायचा. म्हणजे दोन्ही हात हवेतच! पण जिम अ‍ॅबटला जन्मतः उजव्या हाताचा पंजाच नव्हता.

जिमचा जन्म 1967 साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, फ्लिंट या गावी झाला. प्राथमिक शाळेत असताना त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. त्याच्या शिक्षकांनी काय केलं? नाडी बांधून दिली नाही. आपल्या एका हाताची मूठ मिटून, एकाच हाताने नाडी बांधायचा सराव आधी स्वतः केला आणि मग जिमला शिकवलं.

जिमची युक्ती

चेंडू फेकताना जिम ग्लोव्ह उजव्या मनगटाच्या टोकावर ठेवायचा. डाव्या हाताने चेंडू फेकला की लगेच तोच हात ग्लोव्हमध्ये घालायचा. चेंडू अडवल्यावर ग्लोव्ह उजव्या हाताने छातीशी दाबून धरायचा, डावा हात बाहेर काढायचा, चेंडू घ्यायचा आणि फेकायचा. हे सगळं काही क्षणांत! लहानपणी भिंतीवर चेंडू मारून मारून त्याने ही सवय लावून घेतली होती.

कॉलेज ते व्यावसायिक मैदान

1985 मध्ये त्याला एका व्यावसायिक संघाने निवडलं होतं. पण त्याने आधी मिशिगन विद्यापीठात शिकायचं ठरवलं. तिथे त्याने विद्यापीठासाठी 26 सामने जिंकले. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानविरुद्धचा अंतिम सामनाही त्यानेच जिंकून दिला. पुढच्याच वर्षी तो कॅलिफोर्निया एंजल्सकडून थेट सर्वोच्च पातळीवर खेळू लागला. बहुतेक खेळाडूंना आधी खालच्या पातळीवर काही वर्षं काढावी लागतात. 4 सप्टेंबर 1993 रोजी न्यूयॉर्क यँकीजकडून खेळताना त्याने क्लीव्हलँडच्या संघाला संपूर्ण सामन्यात एकही हिट मिळू दिली नाही. असे सामने फार कमी पिचरच्या वाट्याला येतात.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धीच राहील. 1996 मध्ये जिमने फक्त 2 सामने जिंकले आणि 18 हरला. संपूर्ण कारकिर्दीत विजय 87, तर पराभव 108. तरीही तो त्या पातळीवर दहा हंगाम खेळला. हरणं हाही खेळाचाच भाग आहे, हे मुलांना सांगायलाच हवं.

शिक्षक मित्रांनो, आपल्या वर्गातही एखादं दिव्यांग मूल असतं. आपण मायेपोटी त्याचं काम पटकन करून देतो. त्यापेक्षा आधी एकदा आपली मूठ मिटून बघूया का?

स्वाध्याय
1. पिचरला ग्लोव्ह कशासाठी लागतो?
2. जिमच्या शिक्षकांनी नाडी बांधून का दिली नसेल? तुमच्या शब्दांत लिहा.
3. कृती : एका हाताने दप्तर भरून पाहा. काय अडचण आली? कोणती युक्ती सुचली?