नव्या घराचा नकाशा : कुटुंबाच्या सोयीच्या दृष्टीने काही विचार

बेळगावच्या जुन्या पेठांतून पूर्वी दुकान व घर एकाच वास्तूत असे. पुढे पेढी, मध्ये माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर, अशी ती रचना होती. गादीवर बसलेल्या कर्त्या पुरुषाला घरातील हाक ऐकू येई. पुढे कुटुंबे वाढली, जागा अपुरी पडू लागली, आणि दुकान पेठेत ठेवून नव्या वसाहतीत भूखंड घेण्याकडे आपल्या समाजातील अनेकांचा कल झाला. हे योग्यच आहे. परंतु असे घर बांधताना कुटुंबाला नेमकी कशाची गरज आहे याचा विचार बहुधा मागे पडतो, आणि दर्शनी भागाची शोभा व दिवाणखान्याचा विस्तार यांनाच अग्रमान मिळतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचा थोडा विचार करणार आहोत.

आमचे मुख्य म्हणणे एवढेच आहे की, घराचा नकाशा घरातील दिनक्रमावरून काढावा. व्यापारी बंधूंना हे तत्त्व नवे नाही. रोज खपणारा माल हाताशी व क्वचित लागणारा माल माळ्यावर, ही दुकानातील मांडणी आपण जाणतो. तोच न्याय घराला लावावयाचा. पहाटे प्रथम कोण उठते, पाणी कोठे तापते, देवदर्शनाला निघण्यापूर्वी स्नानासाठी किती जण एकाच वेळी खोळंबतात, रात्री कोणाला किती वेळा उठावे लागते, हे आधी कागदावर मांडावे. ही माहिती कर्त्या पुरुषापेक्षा घरातील स्त्रियांना व वृद्धांना अधिक असते. म्हणून नकाशाच्या चर्चेत त्यांना प्रथम बसवावे.

आपल्या आचारधर्मामुळे काही गरजा विशेष उत्पन्न होतात. ज्या घरी रात्रिभोजनत्याग पाळला जातो तेथे सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपावे लागते. बेळगावास डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. अर्थात हिवाळ्यात पाचपासूनच पाने मांडली जातात. त्या वेळी भोजनगृहात उजेड हवा असेल तर त्याची खिडकी पश्चिमेस असली पाहिजे. परंतु नैर्ऋत्य मान्सूनचा मारा व उन्हाळ्यातील तिसऱ्या प्रहराचे ऊनही त्याच अंगाने येते. यास्तव त्या खिडकीवर अडीच फुटांचा छज्जा द्यावा. पाणी गाळण्यासाठी व गाळलेले पाणी झाकून ठेवण्यासाठी स्वयंपाकघरात स्वतंत्र ओटा असावा. धान्य निवडण्यास व वाळविण्यास उजेडाची, कोरडी जागा लागते. दिगंबर मुनींचे पडगाहन असो वा श्वेतांबर साधु-साध्वींची गोचरी असो, प्रवेशद्वारापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट सरळ, कोरडी व स्वच्छ असावी. पादत्राणे व न्हाणीघर त्या वाटेवर येऊ नयेत.

आता एक उदाहरण घेऊ. ४० फूट रुंद व ६० फूट खोल असा भूखंड आहे, रस्ता उत्तरेस आहे, आणि स्थानिक नियमांप्रमाणे चहूबाजूंनी मोकळी जागा सोडून बांधकामास ३० फूट रुंद व ४४ फूट खोल जागा उरते, असे समजा. म्हणजे भिंतींच्या जाडीसह तळमजला १३२० चौरस फुटांचा झाला. त्याचे तीन पट्टे पाडावेत.

पुढचा पट्टा १४ फुटांचा. त्यात पश्चिमेस ७ फूट रुंदीचा जिना, मध्ये ११ फुटांचा ओटा व पूर्वेस १२ फुटांची बैठकीची खोली. व्यापारानिमित्त येणारा मनुष्य ओट्यावरूनच बैठकीत जाईल. घरातील माणसांना त्यामुळे अवघडून राहावे लागणार नाही.

मधला पट्टा १६ फुटांचा. पश्चिमेस १८ फूट रुंद माजघर, पूर्वेस १२ फूट रुंदीत आईवडिलांची ११ फुटांची खोली व तिच्या उत्तरेस ५ फुटांचे न्हाणीघर व शौचकूप. त्याला आईवडिलांच्या खोलीतून एक व बैठकीतून एक अशी दोन दारे ठेवावीत.

मागचा पट्टा १४ फुटांचा. आग्नेयेस १२ फूट बाय १० फूट स्वयंपाकघर, म्हणजे परंपरेचाही मान राहतो व सकाळचे ऊनही मिळते. त्याला लागून ४ फुटांची कोठीची खोली आणि पश्चिमेस १८ फुटांचे भोजनगृह. मुलांच्या व सुनांच्या खोल्या वरच्या मजल्यावर.

आईवडिलांची खोली तळमजल्यावरच हवी, याविषयी आमचा आग्रह आहे. वरच्या प्रशस्त खोलीत त्यांना ठेवले तर गुडघे थकल्यावर ते खाली उतरेनासे होतात, आणि भरल्या घरात एकटे पडतात. माजघराला लागून खोली असली म्हणजे नातवंडांचा वावर सहज होतो. दार ३ फूट रुंद व उंबऱ्यावाचून असावे. न्हाणीघराची फरशी खडबडीत असावी व भिंतीला धरावयास दांडी असावी.

जिन्याच्या बाबतीत काटकसर करू नये. मजल्याची उंची १० फूट धरली तर ६ इंचांच्या २० उड्या येतात. पायरी ११ इंच रुंद ठेवून दोन टप्प्यांत तो वरील जागेत सुखाने बसतो. जिना पुढे ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. भावाभावांतील कुरबुरींचा पुष्कळसा भाग जागेच्या अडचणीतून उपजतो. आज जिन्याचे दार माजघरात उघडावे, परंतु ओट्याच्या बाजूसही दाराची चौकट बसवून ठेवावी. वर एका खोलीत पाण्याची व सांडपाण्याची नळी आधीच आणून ठेवावी. उद्या दुसरी चूल मांडण्याची वेळ आली तर भिंत न पाडता ती मांडता येईल, आणि दोन्ही घरे एकाच छपराखाली राहतील. असा विचार करणे अशुभ आहे असे काहींना वाटते. आम्हांला तो दूरदृष्टीचा वाटतो.

खोल्यांच्या मापांविषयी म्हणाल तर राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीचे किमान क्षेत्र ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, व किमान रुंदी २.४ मीटर सांगितली आहे. हे किमान होय, आदर्श नव्हे. तथापि फार मोठी खोलीही झाडलोटीचा भारच वाढवते.

नकाशा मंजुरीस देण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. भूखंडावर फक्कीने सर्व खोल्या आखाव्यात. पलंग, कपाट, पाट यांच्या मापाचे कागद त्यात ठेवावेत, आणि घरातील प्रत्येकाने आपला दिवस त्या रेघांमधून चालून पाहावा. वृद्ध मातेने आपल्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत, सुनेने चुलीपासून पानापर्यंत. जेथे पाऊल अडखळेल तेथे रेघ पुसून पुन्हा आखावी. फक्कीची रेघ हलविण्यास खर्च येत नाही, आणि विटांची भिंत एकदा उभी राहिली की पुढच्या पिढीलाही तिच्या सोयीने वागावे लागते.