पाठ : घरे कुठे बांधायची, हे कोणी ठरवायचे?



काही आठवड्यांपूर्वी आमच्या पत्रपेटीत कौन्सिलचे एक पत्र आले. मागच्या बाजूचे जुने घर पाडून तिथे दोन घरे बांधायची आहेत, तुम्हाला काही म्हणायचे असेल तर दिलेल्या तारखेच्या आत लिहून कळवा, असा त्याचा मजकूर होता. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, जागा त्यांची, घर त्यांचं. मग आपल्याला कशाला विचारतात?"

प्रश्न अगदी योग्य होता. गिरावीनमध्ये हे काम कौन्सिल पाहते. महाराष्ट्रातल्या खेड्यात ते कसे होते, हे आज आपण पाहू.

आधी तीन शब्द शिकू. गावात घरांची वस्ती असते त्या जागेला 'गावठाण' म्हणतात. भोवतालच्या शेतजमिनीला 'शिवार' म्हणतात. आणि गावातल्या सर्व मतदारांची जी सभा भरते ती 'ग्रामसभा'. ग्रामपंचायतीत निवडून आलेले थोडे सदस्य असतात, पण ग्रामसभेत अठरा वर्षांवरील प्रत्येक मतदाराला बसता येते आणि बोलता येते. २४ एप्रिल १९९३ पासून भारताच्या राज्यघटनेत ग्रामसभेला स्थान मिळाले आहे. सरकारी घरकुल कोणाला मिळावे, याची यादीही ग्रामसभेपुढे ठेवतात.

आता एका खऱ्या गावाची गोष्ट सांगतो. पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेत माळीण नावाचे लहान गाव होते. लोक बहुतेक महादेव कोळी समाजाचे. उतारावर भातशेती करावी, जंगलातला हिरडा गोळा करून विकावा, असे त्यांचे जीवन. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, गावामागचा डोंगर खाली आला. नेहमीप्रमाणे आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला ही बातमी कळली. या दुर्घटनेत १५१ माणसे गेली.

जे वाचले त्यांना घरे हवी होती. साठ-सत्तर घरांची वस्ती, म्हणजे काम तसे लहानच. पण ती बांधायची कुठे?

इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जात होत्या. डोंगरापासून लांब, सपाटीवर गाव नेले तर भीती नाही, पण मग रोज भातखाचरात जायचे कसे? गुरे चारायची कुठे? आणि शेताजवळ राहायचे म्हटले तर आजूबाजूला पुन्हा डोंगरच. एकट्या इंजिनिअरने ठरवले असते तर त्याने फक्त सुरक्षित जागा पाहिली असती. एकट्या शेतकऱ्याने ठरवले असते तर त्याने शेताजवळची जागा पाहिली असती. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, म्हणूनच दोघांनी एकत्र बसावे लागते.

शेवटी जुन्या गावापासून जवळच असलेली आमडे येथील जागा ठरली. भूवैज्ञानिकांनी जमीन तपासली, गावकऱ्यांनी संमती दिली आणि सुमारे आठ एकर जमीन विकत घेतली गेली. तोपर्यंत लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहत होते. २ एप्रिल २०१७ रोजी नवी घरे त्यांच्या ताब्यात आली. नुसती घरे नव्हेत, तर शाळा आणि गुरांचे गोठेही बांधले होते. गोठ्याशिवाय शेतकऱ्याचे घर पुरे होत नाही!

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला आणि नव्या गावठाणात काही ठिकाणी रस्ते खचले, भेगा पडल्या. लोक घाबरले. ज्यांनी एकदा डोंगर कोसळताना पाहिला, त्यांना लहानशी भेगही मोठी वाटणारच. दुरुस्त्या कराव्या लागल्या. उतार कापून, भराव घालून सपाट केलेली जमीन बसायला वेळ घेते, आणि पावसाच्या पाण्याला वाट करून दिली नाही तर ते स्वतःच वाट काढते.

आमच्या संगणकाच्या कामातही असेच आहे. प्रोग्रॅम लिहिण्याआधी तो वापरणाऱ्याला विचारायचे, आणि लिहून झाल्यावर तपासायचे. यातले एकही टाळून चालत नाही. घरांच्या बाबतीत तर चूक पुसून पुन्हा लिहिता येत नाही.

म्हणून कोणत्याही गावात नवी घरे बांधायची असतील तर हे चार प्रश्न आधी विचारावेत :

१. जमीन कोणाची, आणि तो ती राजीखुशीने देतो आहे का?
२. तिथली माती आणि उतार कसा? पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते?
३. तिथे राहणाऱ्यांचे शेत, शाळा आणि पिण्याचे पाणी किती लांब?
४. शेजाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना विचारले का?

कौन्सिलच्या पत्राचे पुढे काय झाले? मी आणि मुलगी पावसात छत्री घेऊन मागच्या कुंपणापाशी उभे राहिलो. मागची जागा आमच्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे तिकडचे पाणी आमच्या अंगणात येते. घरांना आमची हरकत नाही, फक्त पाण्याचा निचरा नीट करावा, एवढेच आम्ही लिहून कळवले. पत्र मुलीनेच पेटीत टाकले. आपल्याला कशाला विचारतात, असे तिने पुन्हा विचारले नाही.

शब्दार्थ
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
भराव – खोलगट जागी टाकलेली माती
निचरा – पाणी वाहून जाणे
हरकत – विरोध, आक्षेप

स्वाध्याय
१. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांत फरक काय?
२. माळीणच्या लोकांना गाव फार लांब का नको असावे? तीन वाक्ये लिहा.
३. फोनवर आजी-आजोबांना विचारा : "आपल्या गावाचं गावठाण कुठे आहे? तिथे नवीन घरं कुठे झाली?" उत्तर पुढच्या वर्गात सांगा.