नागाला दूध नको

पंचमीच्या आधी आठ दिवस आमच्या वाचनवर्गात वाद झाला. आम्ही फळ्यावर लिहिले होते, 'नाग दूध पीत नाही.' चारजणींनी ते वाचले. पाचवी आजी वाचता वाचता थांबली. म्हणाली, "हे काय लिवलंय? म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. गारुड्याचा नाग वाटीतलं दूध घटाघटा प्याला. मग खरं काय, तुमचा फळा का माझं डोळं?"

आजींचे डोळे खरे. फळाही खरा. दोन्ही कसे खरे, ते आता पाहू.

साप हा मांस खाणारा प्राणी आहे. उंदीर, बेडूक, सरडे, पाखरांची अंडी, दुसरे साप हे त्याचे अन्न. गाईम्हशीची पिल्ले आईला पितात, तशी सापाची पिल्ले आईला पीत नाहीत. सापाच्या मादीला आचळच नसते. जन्मापासून मरेपर्यंत दुधाशी सापाचा संबंध येत नाही, म्हणून दूध पचवण्याची सोय त्याच्या पोटात नाही. तहान लागली तर तो पाणी पितो.

मग गारुड्याचा नाग दूध का प्याला? कारण त्याला पाणी मिळाले नव्हते. पंचमी जवळ आली की काही लोक नाग पकडून टोपलीत कोंडतात. त्याला अन्न नाही, पाणी नाही. त्याचे दात उपटतात, कधी तोंडही शिवतात. असा तहानेने व्याकूळ झालेला नाग समोर जे पातळ येईल त्यात तोंड घालतो. तो दूध म्हणून पीत नाही, पाणी समजून पितो. ते दूध पचत नाही. पुष्कळ वेळा ते श्वासनळीत जाते, फुप्फुसात उतरते आणि नाग आजारी पडतो. उपटलेल्या दातांच्या जागी जखम चिघळते. गारुडी पुढच्या गल्लीत जातो, आपण हात जोडून घरात येतो, आणि तो नाग पुढे काही दिवसांत मरतो. आपण पुण्य म्हणून वाटी पुढे केली, पण ती त्याच्या जिवावर आली.

हे ऐकून आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग धामण म्हशीचं दूध पिती, ते बी खोटं?" होय, तेही खोटे. सापाचे दात सुईसारखे बारीक आणि आत वळलेले असतात. ते आचळाला लागले तर म्हैस जागेवर उभी राहील का? शिवाय चोखायला मऊ ओठ लागतात. सापाला तसे ओठ नाहीत. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. पेंड आणि कडबा जिथे, तिथे उंदीर. उंदीर जिथे, तिथे धामण. ती बिनविषारी आहे. उसाच्या आणि भुईमुगाच्या रानात उंदरांनी किती नासधूस केली, हे शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. धामण मारणारा शेतकरी आपलाच राखणदार मारतो.

साप खातो कसा, हेही समजून घेण्यासारखे आहे. त्याला दाढा नाहीत, म्हणून तो चावून खात नाही, अख्खे गिळतो. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेले नसतात. मध्ये ताणणारा बंध असतो. त्यामुळे डोक्यापेक्षा मोठा घासही तो आत घेतो. बहुधा भक्ष्याच्या डोक्याकडून सुरुवात करतो, म्हणजे पाय आणि केस आडवे येत नाहीत. एकदा पोट भरले की त्याला रोज अन्न लागत नाही. माणसाचे अंग आतून गरम राहते, सापाचे तसे नाही. बाहेरच्या उन्हावर त्याचे पचन चालते. अन्न गिळलेल्या सापाला कोणी डिवचले तर तो गिळलेले ओकून टाकतो आणि पळतो. त्याला दिसायला ओकारी, पण ते त्याचे आठ-पंधरा दिवसांचे जेवण असते.

आता शिराळ्याची गोष्ट. सांगली जिल्ह्यात मोरणा नदीच्या काठी शिराळा आहे. त्याला बत्तीस शिराळा म्हणतात. तिथली नागपंचमी देशाबाहेरही माहीत झाली. तिथे अशी कथा सांगतात, की गोरक्षनाथ एका घरी भिक्षेला आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून तिला यायला उशीर झाला. नाथांनी विचारले, जिवंत नागाची पूजा करशील का? तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजला जाऊ लागला. पंचमीच्या आधी तरुण मंडळी रानात जात, नाग धरीत, मातीच्या मडक्यात ठेवीत. सणाच्या दिवशी घरोघर पूजा होई, मिरवणूक निघे, कोणाचा नाग फणा उंच काढतो याच्या स्पर्धाही होत. सण झाला की नाग परत रानात सोडीत.

शिराळकर म्हणत, आम्ही नागाचे दात काढत नाही, त्याला देव मानतो, जिथून आणला तिथेच सोडतो. नाग धरण्याचे त्यांचे कसब खरोखर मोठे होते, यात शंका नाही. पण बिळातून काढलेला, मडक्यात कोंडलेला, ढोल-ताशांच्या आणि हजारो माणसांच्या गर्दीत नाचवलेला नाग सुखात असेल, असे आम्हाला वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्या कायद्याने साप धरणे आणि जवळ ठेवणे गुन्हा ठरते. शिराळ्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०१४ साली जिवंत नागांच्या स्पर्धा व मिरवणुका थांबल्या. गावाला ते फार लागले. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान गेला, असे पुष्कळांना वाटले, आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. पुढे २०२५ साली केंद्र सरकारने नाग ओळखण्याची व धरण्याची जुनी विद्या तरुणांना शिकवण्यापुरती, अटी घालून, मोजक्या लोकांना मुभा दिली. खेळ करण्यासाठी ती मुभा नव्हती.

कथेतल्या त्या बाईची आम्हाला राहून राहून आठवण येते. तिच्या पाटावर आधी मातीचाच नाग होता!

वर्गातला एक तरुण मात्र वेगळाच प्रश्न घेऊन आला. त्याचा मावसभाऊ मोठ्या शहरात नोकरीला आहे. त्याने घरात एक अजगर पाळला आहे, आणि आता त्याला हात लावायची त्यालाच भीती वाटते! आम्ही हसलो, पण प्रश्न खरा होता. तो अजगर आपल्याकडचा नव्हे. त्याला बॉल पायथन म्हणतात. तो आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य भागातला. साधारण तीन ते पाच फूट लांब, बिनविषारी. घाबरला की डोके आत घालून अंगाचा गोळा करतो, म्हणून त्याचे नाव चेंडूवरून पडले. म्हणजे इथे माणूसही घाबरलेला आणि सापही घाबरलेला.

असा परदेशी साप कोणाकडे असेल, तर त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. २०२४ साली तसे नियम निघाले आहेत. तो हाताळण्याची रीत अशी, की वरून झडप घालून धरायचे नाही. घार आणि ससाणा वरून येतात, म्हणून वरून आलेला हात सापाला शत्रूचा वाटतो. बाजूने, सावकाश, अंगाच्या मधल्या भागाखाली हात घालायचा, दुसऱ्या हाताने मागच्या भागाला आधार द्यायचा. डोके धरायचे नाही. माणसाचा हात थरथरला की साप जास्त घाबरतो, म्हणून हात नीट होईपर्यंत थांबायचे. हाताला उंदराचा वास असेल तर साप हातालाच खाणे समजतो. आधी हात धुवायचे. खायला दिल्यावर निदान दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर तो ओकेल. हा अजगर कधी कधी महिना-दोन महिने खातच नाही. नवा माणूस घाबरून त्याच्या तोंडात खाणे कोंबू पाहतो, तेव्हाच सापाला इजा होते. खोली उबदार आहे का, लपायला अंधारी जागा आहे का, हे आधी पाहावे. अंग फारच झडले तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

पण मंडळी, हे सारे त्या परदेशी पाळीव सापाचे झाले. हे वाचून कोणी उसात सापडलेला अजगर उचलायला जाऊ नका. आपला अजगर दहा-बारा फूट, कधी त्याहूनही मोठा होतो. त्याला विष नाही, पण तो भक्ष्याला असे वेढे घालतो की त्याच्या अंगातले रक्त फिरायचे थांबते. कोयनेच्या आणि चांदोलीच्या रानात तो आहे, आणि कधी रानाकडच्या शेतातही येतो. त्याला गळ्यात घालून फोटो काढणारे आम्ही पाहिले आहेत. त्यात शौर्य काही नाही, आणि कायद्याने तीन ते सात वर्षे तुरुंगाची शिक्षा आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेढा घालून बसते आणि अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते. बसलेली मादी दिसली तर ऊसतोड तेवढ्या भागात थांबवावी आणि वनखात्याला कळवावे.

साप उगाच अंगावर येत नाही, हे दाखवायला पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. पुढे १९८६ साली त्यांनी कात्रजला सर्पोद्यान उभे केले. त्यांना सापाचा स्वभाव ठाऊक होता. आपल्याला तो ठाऊक नाही, म्हणून आपण त्यांची नक्कल करू नये.

घरात साप निघाला तर काय करावे? लेकरे आणि जनावरे बाजूला घ्यावीत. एकाने लांबून नजर ठेवावी, कारण नजरेआड झालेला साप शोधणे फार कठीण. काठी मारू नये. वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. त्यावर सांगितले की माणूस येतो.

आणि साप चावला तर? आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक आपल्यासारखी खेड्यातली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप मुख्य. या चारही विषांवर एकच औषध चालते. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याचा उतार तयार होतो, त्यातून ते औषध काढतात. आपल्या राज्यात हाफकीनने हे काम पुष्कळ वर्षे केले आहे. सरकारी दवाखान्यात ते मिळते. मंत्राने, मुळीने किंवा देवळात निजवल्याने विष उतरत नाही. जो मंत्राने उठला, त्याला बिनविषारी साप चावला होता, किंवा चावताना विष शिरले नव्हते.

जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. दोरीने पाय सडतो. बांगड्या, जोडवी, अंगठी लगेच काढा, कारण सूज चढते. मोडलेल्या हाडाला बांधतो तसा हात किंवा पाय फळीला हलकेच बांधा, आणि माणसाला चालू देऊ नका. १०८ ला फोन करून गाडी बोलवा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका.

मण्यारीचे मात्र वेगळे सांगावे लागते. ती रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक की माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, रात्रीचे बाधले. ते ओवा देतात, उजाडायची वाट पाहतात, आणि तेवढ्यात श्वास अडतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या लेकराच्या पापण्या पहाटे उघडेनाशा झाल्या, तर चावल्याची खूण शोधत बसू नका. तसेच उचला आणि दवाखाना गाठा. खाट असेल तर खाटेवर निजवा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा.