वार्धक्य आणि हातातील यंत्र

नोव्हेंबर महिना लागला की आपल्या देवळाच्या सभामंडपात हल्ली एक नवीनच दृश्य दिसते. पेन्शनर मंडळी दर्शन घेतात, तीर्थप्रसाद घेतात आणि मग खिशातून मोबाईल काढून आमच्यापुढे धरतात. आपण हयात आहोत हे दरवर्षी कळविल्यावाचून निवृत्तिवेतन पुढे चालू राहत नाही, हे वाचकांस विदित आहेच. पूर्वी त्यासाठी बँकेत किंवा कोषागारात जाऊन रांगेत उभे राहावे लागे. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' ही सोय सुरू केली आणि यंत्रावर बोटाचा ठसा देऊन हे काम होऊ लागले. परंतु उतारवयात बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही हे प्रमाणपत्र मिळू लागले आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अशी बरीच प्रमाणपत्रे करून दिली आणि मनातून आम्हांस थोडा अभिमानही वाटला. तेव्हा एक वृद्ध बाई म्हणाल्या, "बाळ, तू करून दिलंस, चांगलं केलंस. पण पुढच्या वर्षी तू नसलास तर मी कुणाच्या दारी जाऊ? मला शिकव की!" आम्ही निरुत्तर झालो. कारण त्यांच्या हातून मोबाईल घ्यावयाचा, झटपट काम उरकावयाचे आणि तो परत द्यावयाचा, ह्यापलीकडे आम्ही काही केलेच नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

निरोगी वार्धक्य म्हणजे काय, हे प्रथम पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याचे म्हणून मानले आहे. तिच्या मते निरोगी वार्धक्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. माणसास जे करणे मोलाचे वाटते ते करण्याची शक्ती टिकून राहणे, हे त्याचे खरे लक्षण होय. गुडघा दुखत असूनही जो आजोबा रोज देवळात येतो, आपला व्यवहार आपण पाहतो आणि नातवंडांशी बोलतो, तो ह्या व्याख्येप्रमाणे निरोगीच आहे. तेव्हा कोणतेही यंत्र ही शक्ती वाढविते की घटविते, ह्याच कसोटीवर पारखले पाहिजे.

आमच्या तीर्थरूपांस रक्तदाबाचा विकार आहे. घरी रक्तदाब मोजण्याचे डिजिटल यंत्र आणले तेव्हा ते आम्हीच लावीत असू व आकडा आम्हीच टिपून ठेवीत असू. अप्पांस त्यात गोडी नव्हती. पुढे त्यांनी स्वतः मोजण्यास आरंभ केला. अर्धा तास आधी चहा-कॉफी घ्यावयाची नाही. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावयाचे. पाय जमिनीवर सरळ ठेवावयाचे. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावयाचा. मोजताना बोलावयाचे नाही. आणि मिनिटभराने पुन्हा एकदा मोजावयाचे. हे नियम त्यांनी पाठ केले. आकडे स्वतःच्या वहीत लिहू लागल्यापासून "आज लोणचे नको" असे ते आपण होऊन म्हणू लागले. यंत्र तेच, आकडेही तसलेच. परंतु ते ज्याचे त्याच्या हाती गेले. वहीतील आकडे वैद्यांस दाखवावे, औषध मात्र आपल्या मनाने कमीजास्त करू नये.

वैद्यकीय सल्ल्यासाठी 'ई-संजीवनी' ही सरकारी सेवा आहे. २०२० च्या एप्रिलपासून घरबसल्या मोबाईलवरून डॉक्टरांशी बोलता येते, फी लागत नाही आणि औषधांची चिठ्ठी मोबाईलवरच मिळते. जुन्या दुखण्याविषयी एखादी शंका विचारण्यास धारवाडच्या वृद्धांनी वीस किलोमीटरवरील हुबळी गाठण्याचे त्यामुळे टळू शकते. परंतु छातीत कळ येणे, तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, एका बाजूची शक्ती जाणे, अशा वेळी मोबाईल चाळीत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांक फिरवून रुग्णालय गाठावे.

कानांची गोष्टही ध्यानात घ्यावी. ज्यास ऐकू येत नाही तो हळूहळू चार माणसांत बसेनासा होतो. श्रवणयंत्रांविषयी अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सरसकट सर्व वृद्धांत फरक आढळला नाही. परंतु ज्यांस बुद्धिमांद्याचा धोका मुळातच अधिक होता, त्यांची घसरण तीन वर्षांत सुमारे निम्म्याने मंदावली. तेव्हा कानाची तपासणी लांबणीवर टाकू नये.

एकाकीपणा हे आपल्या गावातील वृद्धांचे मोठे दुःख आहे. मुले बेंगळूरला, पुण्याला किंवा परदेशी. घरात दोघेच, कधी एकटेच. मोबाईलवर नातवंडांचे मुख दिसते, हे समाधान थोडे नव्हे. १९५० साली सुरू झालेल्या धारवाड आकाशवाणीवर ज्यांनी तरुणपणी मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल ऐकल्या, त्यांस ते स्वर आज मोबाईलवर हवे तेव्हा ऐकता येतात. मात्र नातवाने शेजारी बसून ते ऐकावे. मग कोणती मैफल कोठे ऐकली ह्याच्या आठवणी निघतात आणि तीच खरी संगत. मन फारच उदास राहत असेल तर 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते. त्यात कमीपणा काही नाही.

आता संकटाचा विचार. पोलीस किंवा न्यायाधीश असल्याची बतावणी करून, व्हिडिओवर गणवेश दाखवून, "तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका, पैसे भरा" असे धमकावून वृद्धांची जन्मभराची पुंजी लुबाडली जाते. भारताच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. असा फोन तत्काळ बंद करावा, ओटीपी कोणासही सांगू नये, आणि पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर तक्रार नोंदवावी.

येथे आम्हां तरुणांचा दोष सांगितला पाहिजे. "द्या इकडे, तुम्हांस जमणार नाही" असे म्हणून आपण वडिलांच्या हातून मोबाईल घेतो. काम लवकर होते, पण त्यांना खरा संदेश कोणता आणि खोटा कोणता हे कधी दिसतच नाही. मग ज्याने कधी काही स्वतः केले नाही, तो एकट्याने फोन उचलतो तेव्हा दरडावणाऱ्या आवाजास सहज बळी पडतो. आपली घाई त्यांस किती महाग पडते, ह्याचा विचार करावा.

शिकविण्याची रीत साधी आहे. मोबाईलची अक्षरे मोठी करावी. भाषा मराठी किंवा कन्नड, त्यांस सवयीची असेल ती ठेवावी. एका दिवशी एकच गोष्ट शिकवावी. बोट त्यांचेच असावे, आपण केवळ सांगावे. आणि पायऱ्या त्यांच्या वहीत त्यांच्याच हस्ताक्षरात उतरू द्याव्या. दृष्टी किंवा स्मरण साथ देत नसेल तर आग्रह धरू नये. अशांसाठी साध्या फोनवरून सकाळी ८ ते रात्री ८ चालणारी १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमनही घरी येऊ शकतो.

त्या वृद्ध बाईंनी गेल्या नोव्हेंबरात आपले प्रमाणपत्र स्वतः केले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. आम्ही शेजारी हात बांधून बसलो होतो, आणि तसे बसणे आम्हांस फार जड गेले, हे कबूल करतो.

दर रविवारी सायंआरतीनंतर अर्धा तास आम्ही सभामंडपात बसणार आहोत. वडीलधाऱ्यांनी मोबाईल, चष्मा आणि वही घेऊन यावे. तरुणांनीही यावे, शिकविण्यासाठी आणि त्याहून अधिक, थांबावयास शिकण्यासाठी.