जुडी सोडा, मग वजा करा

मुलांना बेरीज लवकर येते. वजाबाकीही येते, पण वरचा अंक मोठा असेल तोवर. ५७ मधून २३ काढ म्हटले की मूल पटकन ३४ सांगते. आता ५२ मधून २७ काढ म्हणा. दोनातून सात जात नाहीत. तिथे गाडी अडते.

पालक म्हणतात, “गुरुजी, आम्ही आत्ता कुठे पाटी धरली. आम्ही पोराला काय शिकवणार?” पण हा हिशेब तुम्ही बाजारात नेहमी करता. समजा, तुमच्याजवळ दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी आहेत. म्हणजे ५२ रुपये. दुकानदाराला नेमके २७ द्यायचे आहेत. सात सुटे हवेत, जवळ दोनच. मग काय करता? एक नोट मोडून आणता. दहा सुटे आले, आधीचे दोन, झाले बारा. नोटा राहिल्या चार. नोट मोडली म्हणून पैसे वाढले नाहीत आणि कमीही झाले नाहीत. ५२ चे ५२. शाळेत ‘दशक सुटा करणे’ म्हणतात ते हेच.

मुलाला आधी हे हाताने करू द्या. खराट्याच्या जुन्या काड्या घ्या. दहा-दहा मोजून दोऱ्याने जुड्या बांधा. जुडी मुलालाच बांधू द्या आणि मुलालाच सोडू द्या. ज्याने जुडी बांधली, त्याला आत दहा काड्या आहेत हे सांगावे लागत नाही.

दोन-चार दिवसांनी चित्राकडे वळा. पाटी घ्या, नाहीतर अंगणात खडूने काढा. एका जुडीला एक उभी रेघ, एका सुट्या काडीला एक ठिपका. ५२ चे चित्र असे:

| | | | |     • •

यातून २७ काढायचे आहेत. फक्त वरच्या संख्येचे चित्र काढायचे. २७ चे वेगळे चित्र काढू नका. पुष्कळ मुले दोन्ही संख्यांची चित्रे काढतात आणि मग सगळेच मोजत बसतात. जे आपल्याजवळ आहे त्याचे चित्र. जे द्यायचे ते त्यातूनच द्यायचे.

आता सात ठिपके पाहिजेत. आहेत दोन. मुलाला विचारा, “आता काय करू या, बाळा?” थोडे थांबा. उत्तर तुम्ही देऊ नका. काड्या खेळलेले मूल बहुधा स्वतःच म्हणते, “जुडी सोडू या.” मग एका रेघेवर फुली मारायची आणि दहा ठिपके काढायचे.

| | | | ×     • • • • • • • • • • • •

चार रेघा, बारा ठिपके. इथे मुलाला पुन्हा सगळे मोजायला लावा. ५२ च भरले पाहिजेत. मग सात ठिपके खोडा, दोन रेघा खोडा. उरल्या दोन रेघा आणि पाच ठिपके. उत्तर २५. ताळा पाहा: २५ आणि २७ मिळून ५२.

खोडताना पुसून टाकू नका, फुलीच मारा. पुसले की काय केले ते दिसत नाही. फुली राहिली की चूक कुठे झाली ते सापडते.

आणि चूक सापडणे फार महत्त्वाचे आहे. या गणिताचे उत्तर पुष्कळ मुले ३५ लिहितात. आपण म्हणतो, “लक्ष नाही तुझे!” आणि एखादी चापटही बसते. पण ३५ दोन वाटांनी येते. एक मूल सातातून दोन काढते, कारण दोनातून सात जात नाहीत. त्याने गणित उलटे केले. दुसरे मूल दोनाचे बारा बरोबर करते, बारातून सात काढून पाच लिहिते, पण पाच दशकांतले एक कमी करायला विसरते. उत्तर एकच, पण दुखणे निराळे. मग औषध एक कसे चालेल? पहिल्याला चित्र काढून सात ठिपके मागा. नाहीत हे त्यालाच दिसेल. दुसऱ्याच्या चित्रात रेघेवर फुली नसेल. त्याला सगळे मोजायला सांगा. ६२ भरतील. “दहा जास्त कुठून आले?” एवढेच विचारा.

भरल्या वर्गात गुरुजींना प्रत्येकाजवळ बसून “कसे काढलेस?” हे विचारायला वेळ पुरत नाही. घरी तुम्ही विचारू शकता.

अंकांच्या नावांकडेही लक्ष असू द्या. आपण ‘बावन्न’ म्हणतो तेव्हा दोन आधी कानावर पडतात, पाटीवर मात्र पाच आधी. म्हणून काही मुले २५ लिहितात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘पन्नास दोन’ असेही वाचन दिले, तेव्हा बरीच टीका झाली. मला त्यात वावगे वाटत नाही. बावन्न म्हणा, पण पाच दशक दोन हे मुलाला कळू द्या.

घरात आजोबा असतील तर ते म्हणतील, “आमची रीत वेगळी होती.” बारातून सात गेले पाच, हातचा एक खालच्या दोनात मिळवून तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५ च. वरच्या आणि खालच्या, दोन्ही संख्यांत दहा वाढवले, म्हणून फरक तोच राहिला. रीत खोटी नाही. पण मूल शिकत असताना दोन रीती एकदम सांगू नका. शाळेत चालते ती पक्की होऊ द्या.

चित्र जमले की शेजारी अंकांत मांडा. ५ वर काट मारून वर ४, आणि २ च्या जागी १२. चित्रात जे झाले तेच अंकांत लिहायचे. कंटाळून मूल स्वतः चित्र सोडील तेव्हा सोडू द्या, आधी नको.

सर्वांत अडते ते १०३ मधून ४८ काढताना. सुटे तीनच, आणि जुडी एकही नाही. शंभराला एक चौकोन काढा. चौकोन मोडून दहा रेघा. त्यांतली एक मोडून दहा ठिपके. झाल्या नऊ रेघा, तेरा ठिपके. आठ ठिपके आणि चार रेघा गेल्या. उरले ५५.

घरी करून पाहा:

६४ – ३८
७० – ४५
८५ – २३
९३ – ५६

उत्तरे २६, २५, ६२, ३७. यांतल्या एका गणितात जुडी सोडावी लागत नाही. ते कोणते, हे मुलाला आधी सांगू नका.